मौनीचा होकार

मासळी साफ करणाऱ्या त्या जहाजाच्या पोटात एक कारखानाच होता. यंत्रांचा गोंगाट एवढा, की शेजाऱ्याचं बोलणं शेजाऱ्याला ऐकू येत नसे. म्हणून सगळे हातवाऱ्यांनी बोलत. मूठ वर केली की पट्टा थांबवा, सुरीवर अंगठा फिरवला की धार गेली, आणि ‘हो’ म्हणायचं तर नुसती मान. मासे कापणाऱ्या एकाला तर ही सवय अंगवळणीच पडली होती. जेवतानाही तो मीठ बोटानेच मागे. त्याला सगळे मौनी म्हणत.

घरी फोन करायची मुभा आठवड्यातून एकदाच, भटारखान्याशेजारच्या खोलीतून. चित्र नाही, नुसता खरखरता आवाज. गेल्या काही खेपांना लेक फोनवर यायलाच तयार नव्हती. आज मात्र आली.

“बाबा, शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला येणार ना?”

जहाज त्याआधीच बंदराला लागणार होतं, कप्तानाने कालच सांगितलं होतं. मौनीचा ऊर भरून आला. त्याने जोरजोरात मान हलवली.

पलीकडे ती थोडा वेळ थांबली. मग फोन बंद झाला.

आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि पायाखाली जमीन नव्हतीच तरी सरकली.

दारात उभा असलेला आचारी हसला. “शहाण्या, फोनला मान दिसते होय?” मग मौनीचा चेहरा पाहून हसू आवरत त्याने फोन पुन्हा पुढे केला. “माझी वेळ तू घे.”

मौनी घेईना.

“घे रे. माझ्याकडे उचलणारं कोणी नाही. मी नुसती रिंग ऐकतो.”

मौनीने पुन्हा घरी फोन लावला; या वेळी तो बायकोने घेतला. पोरगी फुरंगटून पलंगाखाली जाऊन बसली होती. फोन तिच्या कानाशी धर, असं सांगून मौनीने घसा खाकरला.

“येणार, बाळा. मी येणार. तुझं दप्तर मीच धरणार.”

पलीकडे खरखर, आणि तिचा श्वास.

“ऐकलंस ना?”

काहीच नाही. त्याने फोन कानाशी आणखी दाबला. मग बायकोचा आवाज आला.

“अहो, मान हलवतेय ती.”

वेळ संपली. मौनी खाली उतरला, हातमोजे चढवून पट्ट्याशी उभा राहिला. शेजाऱ्याने भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

“येणार म्हणालो,” मौनी मोठ्याने म्हणाला.

कोणालाच ऐकू गेलं नाही.