मध्यावरचा चहा

माझ्या नातीची, चिमणीची, परीक्षा एकदाच व्हायची होती, पण माझ्या लेकाने ती दर रविवारी घरात भरवली. कॉलेजात जागा मिळवायची तर म्हणे सराव हवा. क्लासचे सर सांगत, "सराव परीक्षा म्हणजेच खरी परीक्षा." मग खरी घेता कशाला, असं मी विचारलं, तर सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला नाही कळायचं." चौथीत शाळा सोडलेल्या बाईला कळलं, तेच तिला खुपलं.

जेवायच्या खोलीचं परीक्षा केंद्र व्हायचं. लेक गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवून दारात उभा. पोटच्या पोरीचे खिसे तपासायचा! कुकरला शिट्टीची बंदी, मला खोकल्याची. तरी पेपर अर्धा झाला की मी चहा घेऊन आत शिरायचेच.

"आई, खऱ्या परीक्षेत चहा नसतो!"

"तिथे देऊ नकोस. हे घर माझं आहे."

चिमणी पेन्सिल ठेवायची, चहा प्यायची, पुन्हा मान खाली. गुण मात्र वाढेनात. "आणखी पेपर सोडव," लेक म्हणायचा. जुन्यात चुकतंय कुठे, ते बघायला सवड कुणाला? पुढचा पेपर खोळंबला होता ना!

खऱ्या परीक्षेहून पोरगी पांढरीफटक होऊन आली. "आजी, अर्ध्यावर मी सवयीनं पेन्सिल ठेवली आणि दाराकडे बघत बसले. चहासाठी!"

लेकाने कपाळ बडवलं. "घालवलंस आई! वर्ष गेलं पोरीचं!"

"बाबा, ऐका ना! चहा काही येईना, म्हणून उत्तरपत्रिकाच बघितली. एक प्रश्न सोडला होता, पण त्याची ओळ सोडली नव्हती. पुढच्या सगळ्या उत्तरांचे काळे केलेले गोल एकेक ओळ वर! खोडून पुन्हा भरले."

"घरी नाही दिसलं कधी?"

"घरी बघायला कप असतो."

निकालापर्यंत लेक माझ्याशी बोलला नाही. मीही त्याला चहा विचारला नाही.

हवं ते कॉलेज मिळालं. क्लासच्या दारावर चिमणीचा हा एवढा फोटो लागला, खाली 'सराव परीक्षांचा विजय'. मग सर स्वतः मिठाई घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "आजी, चिमणी सांगते तो चहा नेमका केव्हा द्यायचात? पुढच्या तुकडीला सुरू करतोय. फी थोडी वाढेल, पण पालक देतील."

"बसा सर. आणतेच."

सर दाराकडे बघत बसले. मी काही चहा नेला नाही. म्हटलं, होऊ दे थोडा सराव.