दर्शनी खोलीतली जागा

फोनवर सगळं सुरळीत झालं होतं. "एगुची. दोन माणसं. गुरुवारी दुपारी. दर्शनी खोलीत, कालव्याकडच्या खिडकीपाशी मिळेल का?" रोवेनाने विचारलं, आणि पलीकडच्या बाईने, "हो हो, एगुची-सामा, जरूर या," असं म्हणत दोनदा आभारही मानले. अठरा वर्षं जपानमधल्या यानागावात काढल्यावर रोवेनाच्या बोलण्याला इथलाच हेल आला होता. फोनवर तिला कुणी परकी समजत नसे. आडनाव नवऱ्याचं. तो जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तिने त्याचं आडनाव सोडलं नव्हतं, आणि गावही.

जेवायला जायचं ते तिच्या आईसाठी. फेलिसाबाई जन्मात पहिल्यांदाच फिलिपिन्सबाहेर पडल्या होत्या, लेकीचं घर बघायला. ईलोईलोत त्यांनी आयुष्यभर शाळेच्या पोरांचे गणवेश शिवले होते. मार्च महिना होता, आणि मुलींच्या सणासाठी यानागावात घरोघर, दुकानोदुकानी रंगीत दोऱ्यांचे चेंडू आणि कापडी पक्षी माळांनी टांगले होते. वाम माशासाठी नावाजलेल्या त्या जुन्या खाणावळीच्या दर्शनी खोलीत अशा माळांची नुसती झुंबड असते, असं रोवेनाने आईला सांगून ठेवलं होतं. वामेपेक्षा आईचा जीव त्या शिवणीतच अडकला होता.

गुरुवारी दोघी दाराचा पडदा सारून आत शिरल्या. समोरची वाढपीण हसून पुढे आली, आणि त्यांचे चेहरे दिसताच तिचं हसू मावळलं. तिने दोन्ही हातांची फुली केली.

"जागा नाही," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "बुकिंग. फक्त बुकिंग."

"बुकिंग आहे की. एगुची," रोवेना जपानीत म्हणाली.

वाढपिणीने तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे नजर टाकली. "एगुची-सामा अजून यायचे आहेत."

"आल्यात. मीच एगुची."

वाढपीण आत गेली. कुजबुज झाली. परत येऊन म्हणाली, "या, या. तुमच्यासाठी मागे जास्त सोयीची जागा आहे." हेही इंग्रजीतच.

मागे जायची वाट दर्शनी खोलीतूनच होती. खिडकीपाशी दोघींचं टेबल रिकामं होतं, त्यावर 'एगुची' लिहिलेली पाटीसुद्धा होती. फेलिसाबाई माळांखाली थबकल्या. रोवेनाला त्या वेंगच म्हणत. "वेंग, अगं हे बघ, टाका दिसतच नाही कुठे!" त्यांनी एका कापडी बगळ्याकडे बोट नेलं तोच वाढपिणीने, "प्लीज, प्लीज," करत त्यांना पुढे काढलं.

मागची खोली स्वयंपाकघर आणि संडास यांच्या मध्ये होती. खिडकी नव्हती. एक तैवानी जोडपं बसलं होतं, आणि नकाशा पसरून बसलेला एक थकलाभागला गोरा माणूस. सगळ्यांसमोर सारखंच: चित्रांचं प्लॅस्टिकचं कार्ड, त्यावर दोनच पदार्थ, आणि बर्फाचं पाणी. रोवेनाने गरम चहा मागितला. "हो," असं उत्तर आलं. चहा आला नाही. त्यांच्यानंतर आलेली दर्शनी खोलीतली माणसं जेवून, दात कोरत निघूनसुद्धा गेली, तेव्हा कुठे यांचे लाकडी डबे आले. भात कोमट, वरची वाम कडेला सुकलेली, आणि चॉपस्टिकच्या जागी काटा-चमचा.

"आणि सूप?" रोवेनाने विचारलं.

"या ताटात सूप येत नाही."

दार अर्धं उघडं होतं. पलीकडे जाणाऱ्या एकूण एक ताटात कलेजीच्या सुपाची वाटी वाफाळताना दिसत होती. रोवेना त्या दाराकडे बघत राहिली. फेलिसाबाईंनी मात्र शेवटचं शीत संपेपर्यंत खाल्लं, आणि उठताना वाढपिणीला मान लववून "आरिगातो" म्हटलं. आभाराचा तेवढा एकच शब्द त्या घरून पाठ करून आल्या होत्या.

बाहेर कालव्याच्या काठाने दोघी चालू लागल्या. एका नावाड्याने वाकून होडी पुलाखालून काढली. मग आईने हळूच विचारलं, "वेंग, रोज असंच असतं का गं?"

रोवेनाला वामेच्या डब्यापेक्षा हे लागलं. अठरा वर्षं ती फोनवर सांगत आली होती की इथे मला घरच्यासारखं वागवतात. आणि ते बहुतांशी खरंही होतं. शेजारीण दारात न बोलता मुळ्याची जुडी ठेवून जायची. ज्या वृद्धाश्रमात ती काम करायची तिथले दोन म्हातारे तर तिच्याच हातून आंघोळ घालून घ्यायचे, दुसरी कुणी आली की भिंतीकडे तोंड करायचे. पण आईने यातलं काय पाहिलं होतं? आईने ती मागची खोली पाहिली होती. तीच आता डोळ्यात घेऊन आई विमानात बसणार.

"नाही नानाय, रोज नाही," रोवेना आईला म्हणाली.

"मग सोड. परक्या देशात आपण कशाला तोंड वर करायचं?"

"परका तुला. मी इथे कर भरते. नवऱ्याला इथेच पोचवलं. मला कुठला परका?"

"मग काय, भांडणार आहेस?"

"नाही," रोवेना म्हणाली. "जेवणार आहे. तू रविवारी जायच्या आत, त्या खिडकीपाशी. सूप धरून."

"बापावर गेलीस अगदी," फेलिसाबाई पुटपुटल्या. "त्यानेही बैल अडवावा तसा पोस्टमास्तर अडवला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेनाने खाणावळीत पुन्हा फोन केला. त्याच नावाने, त्याच हेलात. शनिवारची, खिडकीजवळची जागा लगेच मिळाली. मग काम सुटल्यावर ती स्वतः तिथे गेली. दुपारची पंगत आटोपली होती. मालकीणबाई तोकिए-सान दारापुढच्या फरशीवर पाणी शिंपडत होत्या. साठीच्या, सडपातळ, किमोनोच्या बाह्या पट्ट्याने मागे बांधलेल्या.

"मी एगुची," रोवेनाने कमरेत वाकून सांगितलं. "काल आम्ही खिडकीची जागा ठरवून आलो, आणि मागे बसलो. उद्याही ठरवली आहे. एगुची दिसते कशी ते आधीच दाखवून जावं म्हटलं. ऐन वेळी पुन्हा घोटाळा नको."

तोकिए-सान यांनी कळशी खाली ठेवली. इतकं सफाईदार जपानी या चेहऱ्यातून ऐकायची त्यांची तयारी नसावी. "काल गैरसोय झाली असेल तर क्षमा करा. पण ती खोली बाहेरच्या पाहुण्यांच्या सोयीसाठीच केली आहे. खुर्च्या आहेत, चित्रं आहेत..."

"सूप का नाही?"

"कडू लागतं त्यांना. टाकून देतात."

"मला कुणी विचारलं?"

 तोकिए-सान यांचा आवाज थोडा चढला. "एगुची-सान, तुम्हाला ठाऊक नाही. गेल्या वर्षी बारा जणांची एक टोळी येणार होती. वाम जिवंत असते, सांगितल्यावरच कापतात. आमच्या यांनी सकाळपासून कापून, भाजून ठेवली. कुणी फिरकलं नाही. फोनसुद्धा नाही. त्याआधी एकजण बुटांसकट तातामीच्या चटईवर चढला. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी तोंडं फिरवली. आम्ही काय करायचं?"

"त्या बारांत मी होते का?"

"नव्हतात."

"बूट घालून चढले मी?"

"नाही."

"मग त्यांचं ताट माझ्या आईपुढे का आलं?"

रस्त्यावरून सायकलवाला गेला, त्याने मालकीणबाईंना मान लववली, त्यांनीही त्याला. तेवढ्यात त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला. "असं करू या. उद्या तुमच्या आईंना घेऊन या. आमच्याकडून. पैसे घेणार नाही. मागची खोली फक्त तुम्हा दोघींसाठी मोकळी ठेवते, फुलं ठेवते."

"फुकट नको. माफीही नको. मला पुढे बसून पैसे देऊन जेवायचंय, इतरांसारखं."

"पुढची खोली आता एप्रिलपर्यंत भरलेली आहे हो."

"आज सकाळी फोनवर तुमच्याच माणसाने खिडकी दिली मला. दोनदा आभार मानले."

तोकिए-सान यांनी कळशी पुन्हा उचलली. रोवेना पुन्हा वाकली. "उद्या साडेअकराला येते. जागा नसली तर दारातल्या या बाकावर बसू. माझी सुट्टी आहे, आणि आईला ऊन आवडतं."

शनिवारी फेलिसाबाईंनी आपला ठेवणीतला निळा झगा घातला. वाटेत त्या दोनदा म्हणाल्या, "वेंग, अजून परत फिरू या." रोवेनाने त्यांचा हात धरला आणि चाल मोडली नाही.

दारात आज तोकिए-सान स्वतः उभ्या होत्या. हसल्या नाहीत, पण व्यवस्थित वाकल्या. "एगुची-सामा. या." आणि त्यांना खिडकीपाशी घेऊन गेल्या. गरम चहा न मागता आला. वाढपीण सवयीने काटा-चमचा घेऊन आली, तेव्हा फेलिसाबाईंनी तो दोन्ही हातांनी आदबीने तिच्याच तबकात परत ठेवला आणि चॉपस्टिक उचलल्या. उलट्याच धरल्या होत्या, पण काही बिघडलं नाही. शेजारच्या टेबलावरची म्हातारी हसून म्हणाली, "असं धरा," आणि स्वतःची बोटं दाखवली.

डबे आले. झाकण काढताच वाफ खिडकीच्या काचेवर चढली. बाजूला सुपाच्या वाट्या. फेलिसाबाई खाली वाकून वास घेतात न घेतात तोच दारातून परदेशी नवरा-बायको आले. बाईच्या पाठीवर झोळीत तान्हं मूल. वाढपिणीने त्यांना, "प्लीज, प्लीज," करत टेबलांमधून मागे नेलं. थोड्या वेळाने दोन तबकं मागे गेली. डबे, काटे-चमचे. वाट्या नव्हत्या.

रोवेनाने हातातल्या चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"आता काय?" आईने धास्तावून विचारलं. "मिळालं ना तुला सगळं?"

"थांब जरा, नानाय."

तोकिए-सान जवळून जात होत्या. रोवेनाने आवाज न चढवता म्हटलं, "त्यांना सूप नाही गेलं."

"एगुची-सान, तुमचं तुम्हाला दिलंय."

"दिलंत. त्यांना गेलं की आम्ही आमचं पिऊ."

शेजारची म्हातारी खायची थांबली. तिने रोवेनाकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं. "का हो, मागे सूप देत नाही तुम्ही?" तिने मालकीणबाईंना सरळच विचारलं. "आणि पैसे?"

"पैसे... तेच," तोकिए-सान म्हणाल्या. त्यांच्या गालांवर लाली चढली.

भाजणीच्या कट्ट्यावरून मालकांचा घोगरा आवाज आला. इतका वेळ त्यांची फक्त पाठ आणि धूर दिसत होता. "भांडं भरलेलं आहे. दे की. टाकलं तर टाकलं."

तोकिए-सान यांनी स्वतः दोन वाट्या भरल्या आणि मागे नेल्या. परत येताना त्यांनी रोवेनाकडे बघितलं नाही. रोवेनाने आपली वाटी उचलली.  सूप बऱ्यापैकी निवलं होतं.

"कडूच आहे की गं," फेलिसाबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, आणि वाटी रिकामी केली. मग उठून टेबलाला टेकत त्या माळेखाली गेल्या, कापडी बगळ्याचा पंख बोटाने उलटा केला आणि आतली शिवण बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. यावेळी त्यांना कुणी हटकलं नाही.

मागचे नवरा-बायको निघाले तेव्हा त्यांच्या मुलाने रडून खोली डोक्यावर घेतली होती. बाईच्या वाटीतलं सूप तसंच होतं. तोकिए-सान यांनी ते रोवेनाला दिसेल असं समोरून नेलं. रोवेनाने खांदे उडवले. विचारून नको म्हटलं असतं तर ती गोष्ट वेगळी, असं तिला म्हणायचं होतं, पण तोंडात भात होता.

मागची खोली काही बंद झाली नाही. उन्हाळ्यात रोवेना वृद्धाश्रमातल्या दोघी सोबतिणींना घेऊन गेली, तेव्हा ती होतीच. पण प्लॅस्टिकचं कार्ड गेलं होतं, आणि कुठे बसणार असं दारात विचारत होते. वाढपीण रोवेनाशी अजूनही घुश्शातच वागते. चहाचा पेला जरा जास्तच जोरात आपटते. रोवेना तो उचलते, आभार मानते, आणि पुढच्या महिन्याची जागा ठरवूनच बाहेर पडते.