बाईसकट पारा

माझी मावशी थर्मामीटरच्या कारखान्यात पारा भरायची. काचेच्या बारीक नळ्यांची जुडी तापवून पाऱ्याच्या वाटीत उभी करायची, नळ्या निवून पारा वर चढला की त्या पलीकडच्या टेबलावर सरकवायच्या, तिथला काचवाला ज्योतीवर त्यांची तोंडं बंद करायचा. खोलीला एकच खिडकी, आणि तीही कायम बंद, कारण वाऱ्यानं ज्योत हलते. सांडलेला पारा टेबलाच्या फटींत जाऊन बसायचा. मावशी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यानं उकरून पुन्हा वाटीत टाकायची. लग्नाआधी तिथे लागली ती तिथेच राहिली.

स्वभावानं इतकी गरीब की कारखान्यात तिला सगळे 'मुकी' म्हणत. कुणी तिच्या पायावर पाय दिला तर हीच माफी मागायची. आणि एक दिवस याच मावशीनं चहाचा कप भिंतीवर भिरकावला. कारण काय, तर काकांनी साखर ढवळताना चमचा वाजवला. काका म्हणजे तिचा नवरा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं सलून होतं. मी शिकायला त्यांच्याकडेच राहत होते. कप फुटला तशी मावशी रडायला लागली, आणि काचा उचलायला वाकली तेव्हा तिचे हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिले.

"हिचा पारा फार चढतो हल्ली," काका मला हळूच म्हणाले. किती खरं बोलत होते, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हिरड्यांतून रक्त यायचं. जिभेवर सारखी चमचा चोखल्यासारखी चव. स्वयंपाकघरात गेली की कशाला आलो तेच विसरायची. सगळं अंगावर काढत होती. शेवटी काकांनी सलून बंद ठेवून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि काम काय करता ते विचारलं.

"तुमच्या अंगात पारा साठलाय," त्या म्हणाल्या. "त्याची वाफ नाकातून आत जाते. शरीर थोडा बाहेर टाकतं, पण रोज येणारा जास्त आणि जाणारा कमी. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसं."

"पण ते तर चांगल्या गोष्टीला म्हणतात," काका म्हणाले.

"तळ्याला काय कळतं, आपल्यात काय साचतंय ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रजेचा कागद लिहून दिला.

तो कागद घेऊन मावशी मॅनेजरसाहेबांकडे गेली. वेळ वाईट होती. वर्षाची मालमोजणी चालू होती आणि पारा कमी भरत होता. साहेब सकाळपासून सगळ्यांवर डाफरत होते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे आमचा पारा तुमच्याकडे आहे!"

"माझ्याकडे नाही साहेब, माझ्यात आहे."

"तेच ते! गेटवर आम्ही पिशव्या तपासतो, डबे उघडून बघतो, आणि तुम्ही चक्क अंगातून घेऊन जाता? विचारलं होतं कुणाला?"

पूर्वीची मावशी असती तर चुकलं म्हणून खाली मान घालून निघाली असती. पण आता तिच्या अंगात पूर्वीची मावशी थोडी आणि पारा बराच होता.

"बरं," ती म्हणाली. "परत करते."

"थेंबन् थेंब!" साहेब म्हणाले, आणि तसा लेखी हुकूमच त्यांनी काढला.

मावशी तडक स्टोअरमध्ये गेली. स्टोअरकीपर म्हणजे कायद्यावर बोट ठेवून चालणारा माणूस. स्वतःची छत्री स्टोअरमध्ये ठेवली तरी पावती फाडायचे. मावशीनं हुकूम त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या जमा करून."

त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. मग डोकं खाजवलं. "हे झालं एकूण वजन. यातून बाई वजा करायला हवी. बाईचं रिकामं वजन किती?"

"मी रिकामी असताना मला कुणी तोललं नाही."

"मग असं लिहितो." त्यांनी जाड कागदाच्या चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'पारा, बाईसकट', आणि ती सुतळीनं मावशीच्या मनगटाला बांधली. पाऱ्याची जागा सगळ्यात आतल्या मांडणीवर, खालच्या फळीवर. नियमाप्रमाणे पाऱ्याला ऊन लागता कामा नये, धक्का बसता कामा नये, हवा खेळती हवी. म्हणून त्यांनी फळीवर जाड कापड अंथरलं, मावशीला वर बसवलं आणि स्वतःच्या टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला. बंद खोलीत जन्म काढलेल्या बाईला कारखान्यात पहिल्यांदा वारा लागला. ती बसल्या बसल्या झोपी गेली.

घोळ झाला संध्याकाळी. सुट्टी झाली, माणसं पांगली, आणि वॉचमननं मावशीला गेटवर अडवलं. मनगटावर चिठ्ठी, म्हणजे माल. मालाला बाहेर न्यायचा पास लागतो. काका सलून उरकून तिला न्यायला आले होते, कंगवा अजून खिशात.

"अहो, माझी बायको आहे ती," काका म्हणाले.

"बायको खुशाल घेऊन जा. पारा ठेवून जा."

"तो कसा काढू?"

"ते तुमचं घरगुती आहे."

शेवटी स्टोअरकीपरनी मार्ग काढला. परत करण्याच्या बोलीवर माल तात्पुरता बाहेर देता येतो, जशी शिडी किंवा हातगाडी. काकांनी सही केली आणि बायको एका रात्रीपुरती उसनी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांगल्या स्थितीत परत मिळाल्याची पोच त्यांनी घेतली. मग हे रोजचंच झालं. काकांना आधी फार अपमान वाटायचा. पण घरात ते मावशीला फार जपायला लागले. तिच्या हातातून जड भांडं काढून घ्यायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "ओरखडा उठला तर मला जाब देता यायचा नाही."

मावशीला मात्र एकच काळजी होती. "नुसतं बसून माझ्यातला पारा कमी व्हायचा नाही," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मला तो परत करायचाय. हुकूम आहे."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्या अंगातल्या पाऱ्याला धरतात आणि लघवीवाटे बाहेर काढतात, असं त्यांनी समजावलं. झालं! दुसऱ्या दिवशी मावशी एक झाकणबंद बाटली फडक्यात गुंडाळून स्टोअरमध्ये घेऊन गेली.

स्टोअरकीपरनी बाटली उजेडात धरली. "हा पारा?"

"पाऱ्यासकट," मावशी म्हणाली.

त्यांनी साहेबांचा हुकूम पुन्हा वाचला. थेंबन् थेंब. हुकमात कुठल्या रूपात ते लिहिलेलं नव्हतं. त्यांनी बाटलीला चिठ्ठी चिकटवली आणि मांडणीवर ठेवली.

ही बातमी भरायच्या खोलीत पोचली. मावशीच्या शेजारी बसणाऱ्या बायका, काचवाला, टेबल पुसणारी म्हातारी, सगळ्यांचे हात कमीजास्त थरथरत होते. वय झालं, झोप झाली नाही, असं म्हणून सगळे गप्प होते. आता एकेक जण दवाखान्यात जाऊन आला आणि एकेकाच्या मनगटाला चिठ्ठी लागली. मांडणीवर दाटीवाटीनं माणसं बसू लागली, वरच्या फळ्यांवर त्यांच्या बाटल्या. काचवाला उंच, त्याला आडवा ठेवावा लागायचा. भरायची खोली ओस पडली. साहेबांनी एकदा दारातून डोकावून नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "हे काय चालवलंय?"

"वसुली, साहेब," स्टोअरकीपर म्हणाले. "पण माल पिवळा येतोय."

मुख्य कचेरीतून हिशेबतपासनीस आले ते याच सुमारास. बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. कशाचंही आश्चर्य वाटून घ्यायचं नाही, असा त्यांच्या धंद्याचा दंडक असावा. त्यांनी बाटल्या पाहिल्या, माणसं पाहिली, डॉक्टरीणबाईंना बोलावून प्रत्येकात अंदाजे किती पारा असेल ते विचारलं आणि बेरीज केली.

"अजून बराच कमी पडतो," ते म्हणाले. "उरलेला कुठे गेला?"

"फरशी धुता ना तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ते पाणी जातं कुठे?"

टेबल पुसणारी म्हातारी म्हणाली, "मागच्या तळ्यात."

"मग तोही जिवंत गोष्टींतच गेला असणार. तळाच्या गाळात त्याचं रूप बदलतं, जास्त घातक होतं. गाळातले किडे तो खातात. त्या किड्यांना बारीक मासे खातात. असे कितीतरी बारीक मासे एक मोठा मासा खातो, म्हणजे त्या सगळ्यांचा पारा त्या एकट्यात. वर जावं तसा वाढतच जातो."

"आणि मोठा मासा कोण खातं?" तपासनीसांनी विचारलं.

 सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. तळ्यावर गळ टाकायची परवानगी कारखान्यात एकट्या साहेबांनाच होती. दर सुट्टीला ते टोपी घालून तिथे बसायचे आणि छोटा मासा लागला तर तोंड वाकडं करून परत पाण्यात सोडून द्यायचे.

"मी... मोठेच खातो," साहेब म्हणाले. "चव असते त्यांना."

माशातून आलेला पारा केसांत सापडतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साहेबांच्या डोक्यावर केस म्हणजे नावाला, कानांच्या मागे दोन झुपके. काकांना सलूनमधून बोलावलं. त्यांनी साहेबांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, सवयीनं विचारलं, "बारीक करू की मध्यम?" आणि एक झुपका अलगद कापून दिला.

निकाल आला तो वाचून तपासनीसांच्या भुवया पहिल्यांदाच वर गेल्या. अख्ख्या कारखान्यात सगळ्यात जास्त माल साहेबांमध्ये होता.

स्टोअरकीपर उठले. साहेब म्हणून ओळख दाखवणं त्यांच्या नियमांत बसत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी बांधली आणि मावशीच्या शेजारी जागा करून दिली. साहेबांनी निषेधाचा हुकूम लिहायला पेन काढलं, तेव्हा तपासनीस शांतपणे म्हणाले, "मालाला सही करता येत नाही."

त्या दुपारी मी मावशीचा डबा घेऊन गेले होते. दोघं फळीवर शेजारी शेजारी बसले होते. साहेब आपली बोटं एकेक करून चोळत होते.

"माझी बोटं बधिर होतात," ते म्हणाले. "ओठसुद्धा. आणि बाजूनं आलेलं माणूस दिसत नाही. घरी सांगितलं नाही मी कुणाला. म्हटलं, माणूस म्हातारा झाला की उतरती कळा लागायचीच."

मी मावशीकडे पाहिलं. वाटलं, आता हिचा भडका उडणार, आणि उडाला तर काय चुकलं? तिनं डबा उघडला, झाकणात थोडा भात काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका," ती म्हणाली. "मळमळतं. आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा, माझी पहिली सांडली होती."

साहेब जेवले. मग त्यांना रडू आलं, आणि काचवाल्यानं आडव्या आडव्या त्यांना आपला रुमाल दिला.

तपासनीसांचा अहवाल सरळ होता. माल सापडला आहे, तो माणसांत आहे. मालाची निगा राखणं आणि तो काढून घेणं ही मालकाची जबाबदारी. मुख्य कचेरीला माणसांपेक्षा पारा जवळचा, त्यामुळे मंजुरी झटकन आली. सगळ्यांचं औषधपाणी कारखान्यानं करायचं ठरलं. भरायच्या खोलीची खिडकी उघडली, भिंतीत मोठा पंखा बसला, आणि वाटीऐवजी काचेत बंद असलेलं यंत्र आलं. तळ्याभोवती कुंपण घातलं. बाटल्या न्यायला खास गाडी आली. तिच्याबरोबरची माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. त्यांनी त्या बाटल्या अशा जपून उचलल्या, की एवढं जपून आमच्या घरच्या कुणालाच आजवर कुणी उचललं नव्हतं.

औषधं बरेच महिने चालली. गोळ्यांनी पारा उतरतो, पण त्यानं आत जे बिघडवलंय ते सगळं उलटत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. साहेबांची नजर पूर्वीसारखी झाली नाही. त्यांनी नोकरी सोडली. रस्त्यात दिसले तर त्यांच्या अगदी समोर जाऊन उभं राहावं लागतं, मग हसतात.

मावशीच्या चिठ्ठीची सुतळी स्टोअरकीपरनी स्वतः कात्रीनं कापली आणि 'रिकामी' असा शिक्का मारायला तिचा हात हातात घेतला. तिनं हात ओढून घेतला. "रिकामी कोण?" ती म्हणाली, आणि पुन्हा त्या कारखान्यात गेली नाही.

ती आता बाजारातल्या बटणांच्या दुकानात असते. हात थोडा थरथरतोच. गिऱ्हाईकानं सहा बटणं मागितली की डब्यातून पुडीत सात-आठ तरी पडतात. दुकानदार कुरकुरतो, पण गिऱ्हाईक तिच्याकडेच रांग लावतं, आणि मावशी पुडी बांधता बांधता सगळ्यांशी बोलत असते.