तरण्याबांड छातीचा पट्टा

“अगं, आधी त्याला माझं वय तरी सांग,” बाबा म्हणाले होते. “नाहीतर तो मला तरणाबांड समजायचा.”

“समजू दे की. तेवढाच तुमचा भाव वाढेल,” त्यांची लेक हसत म्हणाली आणि रडणाऱ्या बाळाला घ्यायला आत पळाली. वय सांगायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, वय सांगायचं होतं ते मला. शीर्षकातला तो पट्टा म्हणजे मी. छातीला बांधलं की मी हृदयाचे ठोके मोजतो आणि ते मर्यादेबाहेर गेले की मनगटावरच्या घड्याळातून पी-पी करतो. आता जुना झालोय. कारखान्यात एका बाईने मला स्वतःच्या छातीला बांधून तपासलं होतं. मी ऐकलेलं पहिलं हृदय तिचं.

बाळंतपणानंतर व्यायाम सुरू करताना लेकीने मला विकत आणलं. ती जात्याच काळजीखोर. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी. तिने माझ्यात स्वतःचं वय भरलं. दोनशे वीसमधून वय वजा केलं की ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा मिळते. व्यायाम त्या मर्यादेच्या बराच आत ठेवायचा. चालताना गप्पा मारता येतात, तोवर शरीराचं श्वासातल्या प्राणवायूवर भागतं. शब्द तुटायला लागले की ते उसनवारीवर पळतं, आणि ते फार वेळ परवडत नाही.

“हा आहे म्हणून मी निर्धास्त,” ती म्हणायची. मी फुशारून जायचो.

पुढे डॉक्टरांनी बाबांना बेताने चालायला सांगितलं आणि मी त्यांच्या छातीवर आलो. वय मात्र लेकीचंच राहिलं. टेकडीच्या चढावर ती बाबागाडी ढकलत पुढे चालली होती. बाबा मागून नातवाला एका आळशी कोल्ह्याची गोष्ट सांगत होते. अर्ध्या चढावर गोष्ट थांबली. ठोके सुसाट सुटले होते. पण माझ्या लेखी ती छाती तिशीतली, आणि तिशीला तेवढं सोसतं. मी गप्प राहिलो. मी गप्प, म्हणून तीही निश्चिंत.

“काय बाबा, झोपला वाटतं तुमचा कोल्हा?” तिने मागे न बघताच विचारलं.

तिने वळून पाहिलं, तर बाबा कठड्याला टेकून बसले होते. ते पुन्हा उठले नाहीत.

मी आता कपाटाच्या खणात असतो. माझं इलॅस्टिक सैल पडलंय. बाळ मोठं झालंय, आईकडून अर्धीच गोष्ट ऐकून कोल्ह्याचं पुढे काय झालं म्हणून विचारतं. तिला ते ठाऊक नाही. गोष्ट बाबांनी मनाने रचली होती.

मित्रांनो, मला जे वय सांगाल, तेवढंच मला कळतं. समोरचा माणूस दिसतो तो तुम्हाला. म्हणून तर लेक आता चढावर पुढे निघालेल्या कुणालाही, अगदी अनोळखी माणसालासुद्धा, थांबवून विचारते, “मागे तुमचंच कुणी आहे ना? बराच वेळ आवाज नाही आला त्यांचा. जरा बघून या ना.”