डेल्मरचे घडीचे फावडे

मी एक जुने, घडी घालता येणारे फावडे आहे. मित्रांनो, माझे पाते आता बोथट झाले आहे, बिजागरी कुरकुरते, आणि मिशिगनच्या या गॅरेजातून मला कोणी बाहेर काढत नाही. त्याची तक्रार नाही. मी फार खणले आहे.

कारखान्यातून मी थेट व्हिएतनामला गेले. तिथे मी डेल्मर कोस्कीच्या हाती पडले. तांब्याच्या खाणीत राबणाऱ्या बापाचा हा मुलगा अमेरिकेच्या मरीन दलात शिपाई होता. दिवसभर चालायचे, मुक्काम पडला की खड्डा खणायचा, सकाळी तो बुजवून पुढे निघायचे. लाल चिखल माझ्या पात्याला सोडत नसे. जोडीला केंटकीचा एमेट टल असे, सतत बडबडणारा.

"कोस्की, इतकं खोल खणतोयस, खालून घरी निघायचा विचार आहे की काय?" असे तो चिडवी. डेल्मर हसे आणि मला थोपटून म्हणे की पलटणीत याच्याइतके कामसू कोणी नाही. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

एका सकाळी आमच्या टेकडीवर तोफगोळे पडले. एमेटचा खंदक वाळूच्या पोत्यांच्या छपरासकट खचला आणि तो आत गाडला गेला. डेल्मर मला घेऊन जीव खाऊन खणू लागला. खणताना माझे पाते कापडाला लागले. तो एमेटचा खांदा होता. पुढचा घाव तोंडावर बसेल या भीतीने डेल्मरने मला फेकून दिले आणि हातांनी माती उपसली. त्याची नखे फुटली. एमेट बाहेर आला तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

डेल्मरने मला सामानात लपवून घरी आणले. का, ते मला आजही कळलेले नाही. बायको लोर्ना काही विचारायला आली, तर तो म्हणे, "काही नाही गं. दमलोय." असे म्हणण्यात वर्षे गेली. मी गॅरेजात गंजत राहिले आणि तो स्वयंपाकघरात.

मग एके दुपारी एमेटची बहीण व्हर्ना पत्ता काढत आली. तिचेही केस पांढरे झाले होते. भाऊ कसा गेला, एवढेच तिला हवे होते. डेल्मर तिला गॅरेजात घेऊन आला, मला खिळ्यावरून काढले आणि सगळे सांगितले. लोर्ना दारात उभी राहून ते पहिल्यांदाच ऐकत होती.

"हे टाकलं नसतं, तर लवकर पोचलो असतो, तो वाचला असता," डेल्मर म्हणाला.

व्हर्नाने मला हातात घेऊन पाहिले.

"आईनं त्याचा चेहरा पाहिला होता," ती म्हणाली. "ओरखडासुद्धा नव्हता. मरेपर्यंत सांगायची, कुणीतरी माझ्या पोराला फार जपून बाहेर काढलं."

डेल्मर उलट्या बादलीवर बसला आणि रडला. लोर्नाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

त्याला अजूनही नीट झोप लागत नाही, मित्रांनो. पण आता तो लोर्नाशी थोडे थोडे बोलतो. लढाईवरून परतलेले माणूस घरात असेल, तर त्याला सामानासारखे कोपऱ्यात ठेवू नका. त्याच्या शेजारी बसा. आज बोलले नाही, तर उद्या पुन्हा बसा.