जे जे घशाखाली जाते

आमच्या उर्वशीचं नाव ठेवलं ते साल दोन हजार चार. माझ्या इंद्रजितची ती पहिली लेक. बायका पाळण्याभोवती उभ्या होत्या. माझे मालक, उकंडाजी, पुढे झाले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगदी माह्या मायवर गेली." बायका हसल्या. ते पाळण्याच्या पायथ्याकडे पाहत होते. तिथे दुपट्याची गुंडाळी होती.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा तर पार पिकला होता. कळंबला डोळ्यांचं शिबिर होतं तिथे इंद्रजित त्यांना घेऊन गेला, तर रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, साखर उतरवा आणि बावीस दिवसांनी या. तेव्हाही वाढलेली असली तर पुढचं शिबिर वर्षभरानं.

"वर्षभरात पोरगी चालाले लागंल," उकंडाजी घरी येऊन म्हणाले. "मले तिचं तोंड आताच पाहाचं हाय."

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथे ममता सिस्टर होती. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी तिनं आणून हातावर ठेवली. "बाबा, रोज एक. सकाळी, जेवण झाल्यावर. दुसरं काही घ्याचं असलं, झाडपाला का असंना, तर पहिले मले विचारा." त्यांनी मान हलवली. मान ते कोणाहीपुढे हलवत.

इथे त्या वर्षांतली कपाशी सांगितली पाहिजे. बोंडअळी एका औषधानं मरेना म्हणून लोक पाठीवरच्या पंपात दोन औषधं एकत्र टाकू लागले. दोनानं मरेना म्हणून तीन. बियाण्याचा दुकानदारही सांगेना की असं करू नका. या कामात उकंडाजींचा हात गावात नावाजलेला. शेजारच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधापलीकडच्या वावरातले, रामराव स्वतः पंप घेऊन यायचे आणि विचारायचे, "उकंडा, आज कायकाय टाकू?" हे डोळे बारीक करून झाकणं मोजायचे. त्यांचं म्हणणं असं, की एक औषध समोरून मारते, दुसरं मागून, तिसरं बाजूनं. अळी पळंल कुठं?

तीच रीत त्यांनी स्वतःच्या अंगाला लावली.

तांड्यावर डोंगरसिंग होते. त्यांना जडीबुटीची चांगली माहिती होती. त्यांच्याकडून उकंडाजींनी साखर उतरवायची पुडी आणली. सिस्टरच्या गोळीबद्दल त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांना वाईट वाटेल. सिस्टरला पुडीबद्दल सांगितलं नाही, कारण तिला वाईट वाटेल. रामरावांनाही साखर होती. त्यांनी आपल्या गोळ्यांचं एक पाकीट काढून दिलं, "मले याच्यानं गुण आला, तू बी घे." ते नको म्हटलं तर रामरावांना वाईट वाटलं असतं. अशा रीतीनं कोणालाच वाईट वाटलं नाही, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी रामरावांच्या विमलताई आमच्या दारात आल्या.

"मथुराबाई, लवकर चला. तुमचे मालक आमच्या चुलीपुढं बसले हायेत, अन् मले मथुरे म्हणून राह्यले."

मी धावत गेले. आमच्या वस्तीतली माणसं रामरावांच्या ओसरीवर बसायची, चहा घ्यायची. चुलीपर्यंत कोणी गेलं नव्हतं. उकंडाजी पाटावर मांडी घालून बसले होते. सदरा घामानं ओला. हात थरथरत होते. पुढे रिकामी थाळी.

"मथुरे, वरणात मीठ टाकत जा," ते विमलताईंना सांगत होते. "चाळीस वर्षं झाले सांगून राह्यलो."

विमलताईंनी थाळीत अजून काही वाढलंच नव्हतं.

रामराव दारात उभे. "काय रे उकंडा, घेऊन आला काय?"

"ते दारूले हात लावत नाहीत," मी म्हणाले.

"मंग असा काहून करते? उकंडा, हे माहं घर हाय."

"तुहं घर हाय?" उकंडाजी म्हणाले. "मंग पाहुण्यावानी उभा काहून हाय? बस ना."

त्या दिवशी अंगणवाडीत लेकरांना सुया टोचायचा दिवस होता, म्हणून सिस्टर गावातच होती. विमलताईंच्या नातीनं, खुशीनं, तिला बोलावून आणलं. सिस्टरनं त्यांच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली.

"बाबा, नाव सांगा."

"उकंडा."

"हे घर कोणाचं?"

"रामराव म्हणते त्याचं हाय. म्हणू दे."

सिस्टर उठली. "विमलताई, अर्धा गिलास पाण्यात चार चमचे साखर. लवकर करा. अजून गिळता येते तोवर."

विमलताई जागच्या हलेनात. "साखर? अहो, त्यायले साखरेचाच आजार हाय."

"म्हणूनच म्हणते. साखर उतरली, पण लय खाली उतरली. अशानं माणूस बेशुद्ध पडते. मंग तोंडात काही घालता येत नाही."

गिलास आला तर उकंडाजींनी ओठ मिटून घेतले. शिबिराला दहा दिवस राहिले होते. गोडाच्या कणाला त्यांनी बारा दिवस हात लावला नव्हता, आणि भान गेलं तरी तेवढं पक्कं लक्षात होतं. आम्ही तिघांनी समजावलं. रामरावांनी नाक धरू का म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाली, खबरदार. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा, हे पेलं नाही तर उर्वशीचं तोंड कधीच दिसणार नाही."

त्यांनी घटाघट पाणी पिऊन टाकलं.

पंधरा मिनिटांनी घाम सुकला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पुढे विमलताई दिसल्या, चूल दिसली, आणि पाटावरून असे उठले की पाटच उलटला. "वहिनी, मी इथं कसा?"

"बसा," विमलताई म्हणाल्या. "आता खरोखरची भाकर खा. अन् मीठ सांगा कमी हाय का जास्त."

सिस्टरनं मला घरी पाठवलं. "आजी, यायच्या घशाखाली जे जे जाते ते सगळं पिशवीत घालून आणा. काही ठेवू नका." मी फळी शोधली, उशी शोधली, कोटाचे खिसे शोधले. पिशवी रामरावांच्या ओसरीवर ओतली तेव्हा डोंगरसिंगही गलका ऐकून आले होते.

सिस्टरची गोळी निघाली. डोंगरसिंगांची पुडी निघाली. रामरावांचं पाकीट निघालं, आणि रामरावांनी वर आढ्याकडे पाहिलं.

"हे तर दुप्पट जोराची गोळी हाय," सिस्टर म्हणाली. "काका, दुसऱ्याच्या नावाची गोळी देतात काय?"

"चांगल्यासाठी देल्ली बाई."

सिस्टरनं पुडी उघडली. डोंगरसिंगांना वाटलं आता आपला अपमान होणार. पण तिनं नुसतं विचारलं, "यात काय हाय, दादा?"

"ते सांगत नसते."

"सगळं नका सांगू. साखर उतरवणारं काय हाय तेवढं सांगा."

डोंगरसिंगांनी जरा विचार केला. "गुडमार, जांभळाची बी. आणखी एक हाय." मग ते उकंडाजींकडे वळले. "दवाखान्याची गोळी चालू हाय म्हणून सांगतलं असतं तर मी पुडी देल्लीच नसती. माह्या पुडीले कायले बदनाम करतं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं," उकंडाजी म्हणाले.

"आता लय बरं वाटून राह्यलं."

मग सिस्टर माझ्याकडे वळली. "आजी, तुमी काही देता काय?"

मी नाही म्हणणार होते. पण सगळे पाहत होते. "भाकरीत मेथ्याचं पीठ मिसळत होते," मी म्हणाले. "अन् ताकात कारल्याचा रस. त्यायले माहीत नाही."

"म्हणून ताक कडू," उकंडाजी म्हणाले. "मले वाटलं गोळी तोंडात वर येऊन राह्यली."

सिस्टर डोकं धरून बसली. मग शांतपणे विचारलं, "बाबा, पंपात तीन औषधं टाकले. अळी मेली काय?"

उकंडाजी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. रामराव बोलले. "पानं जळाली. अळी मजेत हाय."

त्या गोळ्यांचा जोर लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून सिस्टरनं त्यांना जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. एक दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, एकच गोळी, वेळेवर जेवण, आणि घाम किंवा कापरं आलं की लगेच गोड. सिस्टरच्या गोळीला कोणी दोष दिला नाही आणि ती बंदही केली नाही.

घरी आल्यावर मी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर लिहिलं. साक्षरतेच्या वर्गात मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी अक्षर शिकले होते, पण तोवर भिंतीवर कधी लिहिलं नव्हतं. गोळी एक. जेवणानंतर. बाकी काही नाही. तारखेसमोर रोज एक रेघ.

उरलेले दहा दिवस आमच्या घरावर पहारा होता. विमलताई सकाळी येऊन जेवण झालं का पाहायच्या. रामराव आपलं पाकीट पेटीत कुलूप लावून ठेवायचे आणि आल्याबरोबर तसं सांगायचे. डोंगरसिंग रोज येऊन रेघा मोजायचे. चौथ्या दिवशी ते सिस्टरला बाजूला घेऊन गेले आणि खिशातून प्रेशरची गोळी काढली. "हे माही. वर तांड्यावरचा काढा घेतो. चालंल काय?" सिस्टर म्हणाली, "विचारलं हे लय बरं केलं. काढ्यात काय हाय?" यावेळी त्यांनी सगळं सांगितलं.

बाविसाव्या दिवशी साखर बरोबर भरली. शिबिरातून यवतमाळला नेलं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मी उर्वशीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तिला उजेडाकडे वळवलं आणि पुष्कळ वेळ पाहिलं.

"मायवर नाही गेली," ते म्हणाले. "नाक तुहं हाय. चालंल."

आठवड्यानं ते वावरात गेले. एक बोंड फोडलं, दुसरं फोडलं, आणि धुऱ्यावर येऊन बसले. "मथुरे, इतक्या अळ्या? मले दिसत नव्हत्या तवा पीक बरं होतं."

पंपात त्यांनी त्यानंतर एका वेळी एकच औषध टाकलं. अळी त्यानंही मेली नाही. रामरावांच्या घरी मात्र ते पुढेही जात राहिले, शुद्धीवर असताना, आणि चुलीपुढे बसत.

डोंगरसिंग दोन हजार अकरा साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. उकंडाजी नऊ मार्च दोन हजार तेरा रोजी दुपारी जेवण करून, गोळी घेऊन बसले असताना छातीत कळ येऊन गेले. त्या दिवसाची रेघ मी आधीच ओढली होती. उर्वशीचं तोंड त्यांनी साडेआठ वर्षं पाहिलं.