नीट शब्दांत

तिनं व्हॅनचं दार आतून ओढून घेतलं, चावी काढली आणि पर्समध्ये टाकली. आता निदान दादाला गाडी सुरू करून निघून तरी जाता येणार नव्हतं.

"दोन वाक्यं बोलायचीत तुला. दोनच. त्यानं काही जीभ झडणार नाही."

दादा समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीला लागून नव्या इमारतीचा पाया खणून ठेवला होता. मातीच्या ढिगाऱ्यापाशी एक पंप धापा टाकत खड्ड्यातलं पाणी उपसत होता.

"त्या पंपात हवा शिरतेय," तो म्हणाला. "आवाज ऐक."

"दादा!"

सकाळी बैठक अगदी सुरळीत चालली होती. नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम या भावाबहिणीच्या कारखान्याला मिळाल्यातच जमा होतं. हॉस्पिटलचे मालक, म्हातारे डॉक्टर, खुशीत होते. आर्किटेक्टनं शेवटचा नकाशा टेबलावर पसरला. त्यावर लिफ्टवाल्यांची सही झाली की काँक्रीटचं काम सुरू व्हायचं होतं. दादानं नकाशावरून एकदा नजर फिरवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हा खांब मागच्या नकाशात इथं नव्हता. आता स्ट्रेचर लिफ्टच्या दारात वळणार नाही. पेशंटला उभं करून न्यावं लागेल."

आर्किटेक्ट हसला. खांब पहिल्यापासून तिथंच आहे, म्हणाला.

"नाही. तुम्ही विसरलात, नाहीतर खोटं बोलताय. तिसरं काही असू शकत नाही."

पुढे जे व्हायचं तेच झालं. आर्किटेक्टनं नकाशाची सुरळी केली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं आणि जेवणानंतर भावाला आर्किटेक्टची माफी मागायला लावा, नाहीतर मला दुसरे लिफ्टवाले बघावे लागतील, असं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. कारखान्यात हातातलं काम संपत आलं होतं. जुने कारागीर यंत्रं पुसून पुसून चकचकीत करत बसले होते, आणि ती रोज सकाळी त्यांच्या नजरा चुकवत केबिनमध्ये शिरत होती.

लहानपणापासून हे असंच. बंद दाराआडून नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते दादा सांगायचा. बसवलेली प्रत्येक लिफ्ट त्याच्या डोक्यात नटबोल्टांसकट जशीच्या तशी उभी असायची. नकाशा एकदा पाहिला की तो मनातल्या मनात फिरवून बघायचा, वरून, खालून, पाठीमागून. पण तिच्या थोरल्या मुलीचं नाव घ्यायची वेळ आली की अडखळायचा आणि 'तुझी मोठी' म्हणून वेळ मारून न्यायचा. आत्यानं हौसेनं घेतलेलं कपाट बघायला सगळे गेले, तेव्हा ते डावीकडे कललंय एवढंच बोलून हा बाहेर येऊन बसला होता. आई म्हणायची, "हा तोंड उघडायला लागला की तू धाव." ती धावत आली होती. त्यानं तोडायचं, तिनं जोडायचं. शिक्षण तिचंही तेच होतं, तेही त्याच कॉलेजातलं. पण वाटणी आपोआप होऊन गेली. यंत्रं त्याची, माणसं तिची. अलीकडे नकाशा हातात आला तरी ती त्यावरच्या सह्या तेवढ्या बघायची.

"हं, म्हण," ती म्हणाली. "सकाळी मी जे बोललो त्यानं तुमचं मन दुखावलं..."

"त्यांचं मन दुखावलं हे मला कसं कळणार?"

"तोंड लालबुंद झालं होतं त्यांचं!"

"खोलीत पंखा बंद होता."

तिनं डोळे मिटून घेतले. तो चेष्टा करत असता तर बरं झालं असतं. चेष्टेवर चिडता येतं. हा मनापासून बोलत होता, आणि मनापासून बोलणाऱ्यावर चिडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेण्यासारखं होतं.

"बरं, मन राहू दे. सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं, हे तरी खरं ना?"

दादानं विचार केला. खरोखरच केला. त्याच्या भुवया जवळ आल्या.

"एकट्यात सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं?"

"ऐकलं असतं कदाचित."

"मग खरं."

"झालं तर. तेवढंच बोलायचं. थोडं थांबायचं," तिनं श्वास घेऊन हलकेच घसा खाकरला, "आणि मग म्हणायचं, तुमच्याबरोबर काम करायला आम्हाला आवडेल. आवडेल ना?"

"काम चांगलं आहे."

"आणि खांबाबद्दल चकार शब्द नाही."

"खांब चुकलाय."

"असेल! मी कुठं नाही म्हणतेय? ते माझ्याकडे लागलं. नीट शब्दांत सांगते मी त्यांना, योग्य वेळी."

"योग्य वेळ कशी ओळखायची?"

सकाळपासून घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या हातून निसटलं.

"ते तुला कळत असतं तर वहिनी घर सोडून गेली असती का?"

शब्द तोंडातून गेला आणि तिला व्हॅनमध्ये बसवेना. बाहेर पंप ठेचकाळत चालला होता. दादानं डॅशबोर्डवर साचलेल्या धुळीतून बोटानं एक सरळ रेघ ओढली.

"ती जाताना म्हणाली, तुला फक्त चुका दिसतात," तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, जे नीट चाललंय तिकडे कशाला बघायचं? ते चाललंय की." बोट रेघेच्या टोकाशी थांबलं. "तिला ते उत्तर आवडलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही."

तिनं हात पुढे करून त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"खांबाबद्दल मी बोलणार नाही," दादा म्हणाला. "तू सांगणार आहेस ना?"

"हो."

"मग झालं."

वर, सकाळच्याच खोलीत, या वेळी पंखा चालू होता. डॉक्टर टेबलाच्या टोकाला चहाची वाट बघत बसले होते. आर्किटेक्ट मोबाइलमध्ये डोकं घालून होता. ती दोघं आत आली तरी त्यानं मान वर केली नाही. दादा उभाच राहिला.

"सकाळी मी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. मग थांबला. तिनं व्हॅनमध्ये घेतला होता तेवढाच श्वास घेतला, तिच्यासारखाच हलकेच घसा खाकरला आणि म्हणाला, "तुमच्याबरोबर काम करायला आम्हाला आवडेल."

शब्द तिचे होते, हेल तिचा होता, शेवटी आवाज किंचित खाली आणायची लकबसुद्धा तिचीच होती. ती रोज कुणाशी ना कुणाशी अशीच बोलायची. बाहेरून ऐकल्यावर ते असं ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं.

"अहो, होतं असं कधीकधी," आर्किटेक्ट मोबाइल बाजूला ठेवत म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. "बसा, बसा. तंत्रज्ञ माणसं फटकळ असायचीच. तुम्ही आहात म्हणून निभतंय हो यांचं!"

हे शेवटचं तिला उद्देशून होतं. ती हसली. हसायची सवयच होती.

चहा आला. डॉक्टरांनी वाचायचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि त्याचा लांबट डबा टेबलावर ठेवला. नकाशाची सुरळी पुन्हा उलगडली गेली. कडा वर येऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी एका कोपऱ्यावर आपला कप ठेवला. आर्किटेक्टनं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं धरलं.

"इथं सही. की आम्ही कामाला लागलो."

तिनं पेन घेतलं. योग्य वेळ म्हणजे हीच असणार, तिच्या मनात आलं. तिनं वाक्य जुळवलं, त्याच्या कडा घासल्या, पुन्हा जुळवलं.

"एक छोटीशी शंका होती..."

"परत?" आर्किटेक्टनं हसत हसत डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरही हसले.

"नाही, म्हणजे... लिफ्टच्या आतल्या रंगाबद्दल."

"रंग तुम्ही म्हणाल तो! त्यात काय!"

रंगाबद्दल. तिनं खाली पाहिलं. टेबलाखाली दादानं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं. नजर समोरच्या भिंतीवर होती. त्याला नकाशाकडे बघायचंसुद्धा नव्हतं, कारण बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. त्यानं शब्द दिला होता आणि तो पाळत होता. तिनंही दिला होता.

कानांच्या पाळ्या तापल्याचं तिला जाणवलं. हा राग दादावरचा नव्हता, आर्किटेक्टवरचाही नव्हता. इतकी वर्षं माणसं सांभाळण्यात घालवली. कुणाला काय म्हटलं की राग येत नाही, हे ती झोपेतही सांगू शकली असती. आणि आता एवढीशी सरळ गोष्ट सांगायला तिच्यापाशी एकही शब्द नव्हता. जे होते ते सगळे गुळगुळीत, हातातून सुटणारे.

"सही?" आर्किटेक्ट म्हणाला.

तिनं नकाशाकडे पाहिलं. सह्यांच्या चौकटीकडे नव्हे, मधल्या रेघांकडे. ऑपरेशनची खोली. तिच्यापुढचा बोळ. बोळाच्या शेवटी लिफ्टचं दार, आणि दारासमोर तो भरीव काळा चौकोन. तिनं डोळ्यांपुढं स्ट्रेचर आणायचा प्रयत्न केला. पूर्वी हे तिला सहज यायचं. आता चित्र उभं राहता राहता विस्कटत होतं.

तिनं पेन खाली ठेवलं. हात लांब करून डॉक्टरांच्या चष्म्याचा डबा उचलला.

"घेऊ का हो, डॉक्टर?"

डॉक्टर गोंधळून "घ्या ना" म्हणाले. तिनं डबा ऑपरेशनच्या खोलीपाशी आडवा ठेवला आणि बोटानं ढकलत बोळातून आणला. लिफ्टच्या दारापाशी येऊन तो वळवायला घेतला. डब्याचं एक टोक दारात शिरेना, दुसरं काळ्या चौकोनावर चढलं. तिनं मागे घेऊन पुन्हा वळवलं. पुन्हा चढलं.

"अहो, हे काय..." आर्किटेक्ट खुर्चीत पुढे झाला. "असं कुठं बघतात का?"

"मला आता असंच बघता येतं," ती म्हणाली. "आत जात नाहीये हो हे. खांब मध्ये येतोय."

आर्किटेक्टच्या गळ्यापाशी लाली चढायला लागली होती आणि पंखा चांगला जोरात फिरत होता. काम गेलं, तिला वाटलं. उद्या सकाळी कारखान्यात त्या पुसलेल्या यंत्रांपुढून कसं जायचं?

शेजारी दादाची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो नकाशाकडे नाही, तिच्याकडे बघत होता. इतकं सरळ त्यानं तिच्याकडे कधी पाहिल्याचं तिला आठवेना.

"बोलू?" त्यानं विचारलं.

"बोल."

"तो डबा प्रमाणात नाहीये. खऱ्या स्ट्रेचरपेक्षा फार मोठा आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही." त्यानं खिशातून पेन्सिल काढली. "कागद द्या. मी बरोबर मापाचं कापून देतो."

तिला हसू आलं की रडू, ते तिलाच कळलं नाही. आर्किटेक्टनं आपलं पेन उचललं आणि टोपण घट्ट लावून टाकलं.

म्हातारे डॉक्टर मात्र अजून डब्याकडेच बघत होते. त्यांनी आयुष्यात किती स्ट्रेचर स्वतःच्या हातांनी ढकलले असतील कोण जाणे. त्यांनी कोपऱ्यावरचा आपला चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला, आणि दादाला मोजता यावं म्हणून नकाशाची वर आलेली कडा तळहातानं दाबून धरली.